पर्यावरणाला न दुखावणारा, रुग्णाला न घाबरवणारा दातांचा दवाखाना कसा उभारावा

दंतवैद्यकाची पदवी हातात आल्यावर एखाद-दोन वर्षे दुसऱ्याच्या दवाखान्यात हात बसवून आता स्वतःचा गाळा घेण्याच्या तयारीत असलेल्या तरुण डॉक्टरांसाठी हा लेख आहे. या टप्प्यावर खुर्ची कोणती घ्यावी आणि कर्ज किती काढावे हे दोन प्रश्न इतके मोठे होऊन बसतात की कचरा, पाणी, वीज, आवाज आणि रुग्णाची भीती या गोष्टी ‘नंतर बघू’ या सदरात जातात. नंतर त्या बघितल्या जात नाहीत, कारण तोवर फरशीखालून नळ्या गेलेल्या असतात, कॉम्प्रेसर बाहेरच्या बाकाच्या पाठीला येऊन बसलेला असतो आणि झालेले काम फोडायची कोणाची तयारी नसते. म्हणून पुढच्या पायऱ्या शक्यतो दिलेल्या क्रमानेच घ्याव्यात.

पर्यावरण सांभाळणे आणि रुग्णाला आपलेसे करणे ही दोन वेगळी कामे समजली जातात, पण दातांच्या दवाखान्यात ती बऱ्याचदा एकच असतात. नळी गळत असल्यामुळे दिवसभर थांबत-सुरू होत राहणारा कॉम्प्रेसर वीजही खातो आणि बाहेर बसलेल्या माणसाचा जीवही खातो. रसायनांचा उग्र वास हवेलाही वाईट आणि आधीच धास्तावलेल्या रुग्णालाही. चार खेपांचे काम दोन खेपांत उरकले तर पेट्रोलही वाचते आणि रुग्णाची रजाही. अनावश्यक ते कमी करणे एवढा एकच निकष धरला तरी बहुतेक निर्णय आपोआप सुटतात. त्याला मर्यादा एकच आहे: निर्जंतुकीकरणात काटकसर नाही. हातमोजे धुऊन पुन्हा वापरणे किंवा ऑटोक्लेव्हचा, म्हणजे वाफेने उपकरणे निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचा, वेळ कमी करणे याला कोणी पर्यावरणप्रेम म्हणत असेल, तर तो निष्काळजीपणा आहे असे स्पष्ट सांगावे.

पायरी पहिली: जागा

तळमजल्याचा गाळा मिळत असेल तर थोडे जास्त भाडे देऊनही तो घ्यावा. कवळी बसवायला येणारे आजोबा, गुडघे दुखणाऱ्या आजी, गरोदर बाई आणि चाकाच्या खुर्चीवरचा रुग्ण यांच्यासाठी दवाखान्याची खरी परीक्षा दारातच होते. दाराशी पायरी असेल तर उतार करून घ्यावा, आणि त्याचे प्रमाण १:१२ असावे, म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीच्या पायरीसाठी १.८ मीटर लांबीचा उतार लागतो. गवंडी सवयीने अर्ध्या लांबीत तो बसवून देतो, आणि मग त्यावरून चाकाची खुर्ची ढकलणाऱ्याची दमछाक होते. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर आणि आत खुर्ची वळायला दीड मीटर व्यासाची जागा असली की बराच प्रश्न सुटतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मुळे ही केवळ भलाई राहिलेली नाही.

जागा पाहताना दिशेकडेही लक्ष द्यावे. पश्चिमेच्या काचेमागे उपचारकक्ष ठेवला तर मार्च ते मे या महिन्यांत वातानुकूलन यंत्र दुपारभर धापा टाकते. उत्तरेची खिडकी मिळाली तर ती खुर्चीसाठी राखून ठेवावी, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर बराचसा सारखा राहतो आणि कॅपचा रंग शेजारच्या दाताशी जुळवताना त्याच्याइतका भरवशाचा दिवा नाही. समोरासमोर खिडक्या असलेला गाळा तर सोडूच नये. ड्रिल आणि दात साफ करणाऱ्या स्केलरमुळे हवेत उडणारे तुषार बाहेर जायला वाट हवी असते आणि ती वाट फुकट मिळत असेल तर पंख्यावर खर्च कशाला करावा?

आधीची फरशी, दारे किंवा कपाटे धड असतील तर ती फोडू नयेत. नव्या दवाखान्याच्या उत्साहात चांगली शहाबादी फरशी उखडून तिच्या जागी चकचकीत टाइल्स बसवल्या जातात, त्या पाणी सांडताच निसरड्या होतात आणि उखडलेला राडारोडा कुठे तरी नाल्याकाठी जाऊन पडतो.

पायरी दुसरी: परवानग्या

ही पायरी कंटाळवाणी असली तरी उद्घाटनाच्या आधी उरकावी. राज्य दंत परिषदेची नोंदणी चालू असावी. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून जैव-वैद्यकीय कचऱ्यासाठी प्राधिकारपत्र घ्यावे लागते. खाटा नसलेल्या दवाखान्याला ते एकदाच घ्यावे लागते. त्यासोबत आपल्या भागातील सामायिक कचरा प्रक्रिया केंद्राचे सभासदत्व घ्यावे. क्ष-किरण यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवरून परवानगी घेतल्याशिवाय यंत्र सुरू करू नये, आणि मंडळाने मान्यता दिलेलेच मॉडेल विकत घ्यावे.

पायरी तिसरी: हवा, उजेड आणि रंग

रंग घेताना कमी वास सोडणारा, पाण्यात मिसळणारा रंग निवडावा आणि रंगकाम संपल्यावर निदान आठवडाभर खिडक्या उघड्या ठेवून मगच दवाखाना सुरू करावा. भिंतींना फिके, मळकट न दिसणारे रंग द्यावेत. पांढराशुभ्र रंग स्वच्छ वाटतो खरा, पण प्रखर दिव्यांखाली तो घाबरलेल्या माणसाला शस्त्रक्रियागृहाची आठवण करून देतो. उपचारकक्षात कापडी पडदे, गालिचे आणि मऊ गाद्या नकोत, कारण त्यांवर बसलेले तुषार पुसता येत नाहीत. ते सारे बाहेरच्या खोलीत शोभते.

वातानुकूलन यंत्र इन्व्हर्टर पद्धतीचे, चार किंवा पाच तारांकित घ्यावे आणि २४ ते २६ अंशांवर ठेवावे. आडवे पडून, तोंड उघडे ठेवून, हालचाल न करता पाऊण तास बसणाऱ्या रुग्णाला १८ अंशांत हुडहुडी भरते, आणि भीतीने आधीच गार पडलेले हात आणखी गार होतात. दोन रुग्णांच्या मध्ये खिडक्या उघडून हवा खेळू द्यावी.

झाडांबद्दल थोडे. कुंडीतल्या चार झाडांनी खोलीची हवा शुद्ध होते असे समजून त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. तेवढे काम खिडकी करते. झाडे डोळ्यांना बरे वाटावे म्हणून ठेवावीत आणि ती बाहेरच्या खोलीत किंवा दारात असावीत, कारण ओल्या मातीत बुरशी असते आणि ती उपचारकक्षात नको.

पायरी चौथी: यंत्रे

कॉम्प्रेसर तेलविरहित घ्यावा आणि तो वेगळ्या, हवेशीर कोनाड्यात, रबरी पायांवर बसवावा. सोसायटीच्या इमारतीत दवाखाना असेल तर वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाशी असलेले संबंध पुढची वीस वर्षे या रबरी पायांवर उभे राहणार आहेत. रात्री दवाखाना बंद करताना कॉम्प्रेसरची टाकी भरून दाबाचा आकडा लिहून ठेवावा आणि सकाळी पुन्हा पाहावा. आकडा बराच खाली आला असेल तर कुठे तरी सांधा गळतो आहे. साबणाचे पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते शोधायला दहा मिनिटे लागतात, आणि वीजबिलात व आवाजात त्याचा फरक लगेच दिसतो.

सक्शनसाठी, म्हणजे तोंडातली लाळ-पाणी ओढून घेण्यासाठी, पाण्यावर चालणारा पंप आणि कोरडा पंप असे दोन पर्याय दुकानदार दाखवतो. पाण्यावरचा स्वस्त असतो, पण तो चालू असेपर्यंत पिण्यायोग्य पाणी सतत गटारात सोडतो. मराठवाड्यात किंवा टँकरवर अवलंबून असलेल्या कोणत्याही उपनगरात दवाखाना काढणाऱ्याने तो घेऊच नये.

क्ष-किरणासाठी आता फिल्म न घेता थेट डिजिटल सेन्सर घ्यावा. फिल्मसोबत शिसाचा पातळ पत्रा येतो, फिल्म धुण्याच्या वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते, आणि हे दोन्ही कचऱ्यात किंवा मोरीत जाता कामा नये. सेन्सरमुळे ही कटकट संपते, किरणांची मात्रा कमी लागते, आणि शिवाय रुग्णाला त्याचीच दाढ पडद्यावर मोठी करून दाखवता येते. ‘इथे कीड दाताच्या नसेपर्यंत पोचली आहे’ हे तोंडी सांगण्यापेक्षा दाखवलेले लवकर पटते आणि ‘डॉक्टर उगाच खर्चात पाडतात’ ही शंका तिथेच विरते.

पायरी पाचवी: निर्जंतुकीकरणाची खोली

पैसे जिथे कमी पडतील तिथे खुर्चीचे मॉडेल एक पायरी खाली आणावे, पण ऑटोक्लेव्ह चांगला घ्यावा. हवा खेचून काढणारा, बी वर्गाचा ऑटोक्लेव्ह हँडपीससारख्या (ड्रिलचा हातात धरायचा भाग) पोकळ उपकरणांच्या आतपर्यंत वाफ पोचवतो. १३४ अंशांवर किमान तीन मिनिटे किंवा १२१ अंशांवर किमान पंधरा मिनिटे हा धरून ठेवण्याचा काळ आहे. तापमान चढण्याचा आणि वाळवण्याचा वेळ वेगळा. रोज दिसणारी रंग बदलणारी पट्टी पुरेशी नाही, ठरावीक काळाने जंतुबीजाणूंची पट्टी ठेवून खात्री करून घ्यावी.

अनेक दवाखान्यांत अजून ग्लुटाराल्डिहाइडच्या ट्रेमध्ये उपकरणे बुडवून ठेवण्याची पद्धत आहे. दोन टक्के द्रावणात खरे निर्जंतुकीकरण व्हायला सुमारे दहा तास लागतात, एवढा वेळ कोणी थांबत नाही, आणि त्याची वाफ मदतनिसाच्या डोळ्यांना व श्वासाला त्रास देते. फॉर्मेलिनच्या गोळ्यांच्या पेटीचेही तेच. निळ्या दिव्याची पेटी ही निर्जंतुक झालेली उपकरणे ठेवण्यापुरती आहे, ती निर्जंतुक करत नाही. वाफ हाच सर्वांत खात्रीचा, स्वस्त आणि मागे काही विष न सोडणारा मार्ग आहे. उपकरणे पुरेशी घ्यावीत, म्हणजे ऑटोक्लेव्ह अर्धा रिकामा चालवायची वेळ येत नाही आणि हँडपीस ‘फक्त पुसून’ पुढच्या रुग्णाला लावायचा मोह होत नाही.

वाफेत टिकणाऱ्या वस्तू इथेच ठरवून घ्याव्यात. चूळ भरायला प्लॅस्टिकच्या पेल्याऐवजी स्टीलचा पेला ठेवावा. एकदा वापरायचे प्लॅस्टिकचे पेले १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत, तरी दवाखान्यांत ते अजून दिसतात. स्टीलचे ट्रे आणि कॅसेट, धुऊन वाफवता येणारे कापडी वेष्टन, गळ्याभोवतीचा सुती रुमाल हे सारे आपल्याकडे पूर्वी होतेच. स्वच्छ धुतलेला, इस्त्रीचा सुती रुमाल गळ्याला लावला की रुग्णाला जे वाटते, ते सळसळणाऱ्या प्लॅस्टिकच्या तुकड्याने वाटत नाही.

पायरी सहावी: कचरा

ही पायरी सर्वांत सावकाश समजून घ्यावी, कारण मालकाला नियम पाठ असले तरी कचरा हाताने टाकते ती मदतनीस ताई. २०१६ च्या जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनी रंग ठरवून दिले आहेत, पण ते रंग तक्त्यावरून पाठ होत नाहीत. एक रूट कॅनॉल संपल्यावर समोर उरलेला ट्रे घेऊन एकेक वस्तू बोट ठेवून दाखवावी.

रक्त-लाळ लागलेला कापूस, गॉझ, कागदी पॉइंट आणि मास्क पिवळ्या पिशवीत जातात. दाढ काढली असेल तर तीही तिथेच, मात्र तीत चांदी भरलेली नसेल तरच. हातमोजे, सक्शनची नळी, रबर डॅम (दाताभोवती लावायचा रबरी पडदा) आणि सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत जातात, कारण हे प्लॅस्टिक-रबर प्रक्रिया केंद्रात निर्जंतुक करून पुनर्प्रक्रियेला देता येते. सुई, रूट कॅनॉलची मोडलेली फाइल, झिजलेला बर (ड्रिलचे टोक), ब्लेड आणि वेड्यावाकड्या दातांच्या तारांचे तुकडे पांढऱ्या, टोचून फाटणार नाही अशा डब्यात जातात. सुईला टोपण दोन्ही हातांनी कधीही बसवू नये. सुई तोडण्याचे यंत्र खुर्चीजवळ, हात लांब न करता पोचेल असे असावे. भुलीच्या औषधाची रिकामी काचेची कुपी निळ्या खुणेच्या डब्यात जाते, आणि काढलेला धातूचा इम्प्लांटही तिथेच. नव्या सुईचे कागदी वेष्टन आणि हातमोज्यांचे खोके मात्र साध्या सुक्या कचऱ्यात जायचे, कारण त्यांना रुग्णाचा स्पर्श झालेला नाही.

शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथे होतो. घाबरून सगळेच पिवळ्या पिशवीत टाकले तर सगळेच जाळले जाते. जे प्लॅस्टिक लाल पिशवीतून पुन्हा वापरात आले असते, ते भट्टीत धूर होऊन जाते, आणि क्लोरीनयुक्त प्लॅस्टिक जळताना डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होतात. म्हणूनच क्लोरीनयुक्त पिशव्या आणि हातमोजे टप्प्याटप्प्याने बंद करायला नियमांनी लावले. उलट चूक आणखी वाईट आहे: सुई सुक्या कचऱ्यात गेली तर ती टोचते कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाताला.

रक्त लागलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवू नये. पिशव्यांवर बारकोड लावावा, रोजची नोंद वहीत करावी आणि वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवावा. मदतनीस ताईंसह सर्व कर्मचाऱ्यांना कावीळ-ब आणि धनुर्वाताची लस देणे ही मालकाची जबाबदारी आहे. ती पहिल्या पगाराआधी पार पाडावी.

ठशांच्या प्लास्टरची गोष्ट वेगळी. वाटी सिंकमध्ये धुतली की प्लास्टर खाली जाऊन बसते आणि एक दिवस सारा दवाखाना तुंबतो. सिंकखाली गाळ अडवणारा सापळा बसवावा, वाटीत राहिलेले प्लास्टर सुकू द्यावे आणि खरवडून कोरडेच टाकावे.

पायरी सातवी: पारा

रुग्ण ज्याला ‘चांदी भरणे’ म्हणतात त्या मिश्रणात, म्हणजे अमाल्गममध्ये, जवळपास निम्मा पारा असतो. भारताने पाऱ्याविषयीचा मिनामाता करार २०१४ साली स्वाक्षरित केला आणि २०१८ साली त्याला मान्यता दिली. पंधरा वर्षांखालील मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी हे मिश्रण वापरू नये, अशी भूमिका करारातील देशांनी २०२२ साली घेतली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत २०३४ पर्यंत दातांमधला पाऱ्याचा वापर पूर्ण थांबवण्याचे ठरले. नव्याने दवाखाना काढणाऱ्याने पारा आणूच नये, हा सरळ सल्ला. ग्लास आयोनोमर आणि कंपोझिट या पारा नसलेल्या साहित्यांनी बहुतेक गरजा भागतात.

पारा न आणताही तो दवाखान्यात येतो, कारण रुग्णांच्या तोंडात जुनी चांदी असतेच आणि ती काढावी लागते. अशा वेळी भरपूर पाणी आणि जोराचे सक्शन लावून, मोठे तुकडे करून ती काढावी. खुर्चीच्या सक्शनमधल्या जाळीत अडकलेले तुकडे आणि चांदी भरलेली काढलेली दाढ घट्ट झाकणाच्या, न फुटणाऱ्या बरणीत साठवून धोकादायक कचरा म्हणून अधिकृत संस्थेकडेच द्यावी. पिवळ्या पिशवीत गेली तर भट्टीत पाऱ्याची वाफ होते. ऑटोक्लेव्हमध्ये घातली तरी तेच. जुनी चांदी वारंवार काढावी लागत असेल तर सांडपाण्यातले चांदीचे कण अडवणारा अमाल्गम सेपरेटर बसवावा. आयएसओ १११४३ या मानकाचा, जो निदान ९५ टक्के कण अडवतो, तो मागावा. सक्शनच्या नळ्या धुताना क्लोरीनचे द्रावण वापरू नये, कारण ते अडकलेल्या चांदीतला पारा विरघळवून गटारात नेते.

आणि ज्याची जुनी चांदी शाबूत आहे, त्याला घाबरवून ती काढायला लावू नये. काढतानाच पारा सर्वांत जास्त सुटतो.

पायरी आठवी: पाणी

खुर्चीच्या थुंकपात्राचे पाणी सतत वाहते ठेवण्याची सोय जुन्या खुर्च्यांत असते, तिला टायमर लावून घ्यावा. रोज सकाळी खुर्चीच्या नळ्यांतून दोन मिनिटे आणि प्रत्येक रुग्णानंतर वीस-तीस सेकंद पाणी सोडावे लागते. ते वाचवण्याच्या फंदात पडू नये, कारण अरुंद नळ्यांत जंतूंचा थर साचतो. वाचवायचेच तर आरओ यंत्राचे वाया जाणारे पाणी फरशी पुसायला घ्यावे आणि वातानुकूलन यंत्राचे टपकणारे पाणी झाडांना घालावे. ते दिसायला डिस्टिल्ड वॉटरसारखे असले तरी ऑटोक्लेव्हमध्ये मात्र घालू नये.

पायरी नववी: बाहेरची खोली

दाताचा दवाखाना माणूस आधी कानांनी आणि नाकाने ओळखतो. लवंगतेलाचा, म्हणजे युजेनॉलचा वास आणि ड्रिलचा झूंऽऽ असा आवाज या दोन गोष्टी दाराबाहेरच त्याच्या पोटात गोळा आणतात. उपचारकक्षाचे दार भरीव आणि घट्ट बसणारे असावे. बाहेरच्या खोलीत पुस्तकांचे कपाट, जाड सुती पडदे, खणाच्या किंवा घोंगडीच्या कापडाची भिंतीवरची चौकट अशा वस्तू आवाज शोषून घेतात. वास झाकायला सुगंधी फवारे मारू नयेत; दम्याच्या रुग्णाला त्यांचा त्रास होतो आणि लवंगेवर गुलाब चढवला की दोन्ही बिघडतात.

बसायला खोल सोफा नको. पंचेचाळीस सेंटिमीटर उंचीची, हात टेकायला आधार असलेली लाकडी किंवा वेताची खुर्ची वयस्क माणसाला उठताना मदत करते, आणि ती जुन्या बाजारातून घेऊन पॉलिश करून घेतली तरी चालते. माहितीच्या चकचकीत पुस्तिका छापू नयेत. त्या बाकावरच राहतात. त्याऐवजी नेहमीच्या उपचारांचे अंदाजे दर मराठीत, मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावेत. खर्च किती येईल हे विचारायला संकोच वाटतो म्हणून अनेक जण दुखणे अंगावर काढतात. दरपत्रकाने तो संकोच मोडतो. संमतिपत्रही सोप्या मराठीत असावे आणि सही घेण्याआधी ते वाचून दाखवावे.

पायरी दहावी: खुर्चीवर

रुग्ण बसला की लगेच पाठ खाली करू नये. समोर बसून, मास्क खाली ठेवून, नाव घेऊन दोन मिनिटे बोलावे. आजी, काका, ताई असे म्हणावे, पण रुग्णाला विचारल्याशिवाय एकेरीवर येऊ नये. तरुण डॉक्टरांना घरकाम किंवा मजुरी करणाऱ्या रुग्णाला ‘तू’ म्हणायची वाईट खोड कॉलेजच्या बाह्यरुग्ण विभागात लागते, ती तिथेच सोडावी. डावा हात वर केला की आपण थांबणार, असे आधीच ठरवून सांगावे आणि हात वर झाला की खरोखर थांबावे. पहिल्यांदा थांबलो नाही तर तो इशारा पुढे निरुपयोगी होतो.

मुलांसाठी सांगणे, दाखवणे आणि मग करणे ही जुनी पद्धत अजून सर्वांत चांगली आहे. हवेची नळी आधी मुलाच्या तळहातावर सोडावी, फिरते रबराचे टोक नखावर लावून दाखवावे, मग दातावर. भुलीची सुई लावण्याआधी हिरडी कोरडी करून सुन्न करणारे मलम एक-दोन मिनिटे लावून ठेवावे आणि औषध अगदी सावकाश सोडावे. ‘हसवणारा वायू’ म्हणजे नायट्रस ऑक्साइड हा घाबरट मुलांसाठी उपयोगी असला, तरी हवामानाच्या दृष्टीने तो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवणारा आहे. ज्याला खरी गरज आहे त्याला तो जरूर द्यावा. सरसकट नको, आणि सिलिंडरच्या सांध्यांची गळती तपासलेली असावी.

मिश्री लावणाऱ्या बाईला, तंबाखूची पुडी खिशात असलेल्या माणसाला आल्याआल्या रागावू नये. गुटख्यामुळे तोंड दोन बोटेही उघडत नसलेला तरुण आधीच लाजलेला असतो, आणि एकदा बोलणी खाल्ली की तो पुन्हा येत नाही. मग तोंडातला पांढरा चट्टा वाढतो तो कोणाच्याही नजरेआड. चट्टा आरशात दाखवावा, काय होऊ शकते ते शांतपणे सांगावे आणि सोडण्यासाठी मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतक्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यावा.

पायरी अकरावी: खेपा कमी करणे

इंग्लंडमधील सरकारी दंतसेवेच्या कर्बउत्सर्जनाचा हिशेब २०१८ साली प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे ६५ टक्के वाटा रुग्णांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या प्रवासाचा निघाला. आपल्याकडे एसटीने आणि दुचाकीने येणाऱ्यांमुळे आकडे वेगळे असतील, पण दिशा तीच राहील. स्टीलचे पेले आणि एलईडी दिवे यांवर समाधान मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की रुग्णाची एक खेप वाचवणे हे त्या साऱ्यापेक्षा मोठे काम आहे, आणि तेच काम रुग्णाला सर्वांत जास्त आवडते.

तालुक्याच्या गावी दवाखाना असेल तर वेळापत्रक आठवडी बाजाराच्या दिवसाभोवती आणि एसटीच्या वेळांभोवती आखावे. बाजाराच्या दिवशी वाडीवरची माणसे तशीही गावात येणार असतात. त्या दिवशी सकाळी लांबच्यांना आणि संध्याकाळी गावातल्यांना वेळ द्यावी, आणि शेवटच्या गाडीच्या वेळेनंतर कोणाला थांबवू नये. आईला दाढेसाठी बोलावले असेल तर मुलाची तपासणी त्याच खेपेत उरकावी. एकाच बाजूच्या दोन-तीन दाढा भरायच्या असतील तर एकाच भुलीत भराव्यात. सुई, हातमोजे आणि कापूस तिथेच वाचतो. दाताची स्थिती योग्य असेल तेव्हा रूट कॅनॉल एका बैठकीत पूर्ण करावे, पण सूज आणि पू असताना केवळ खेप वाचावी म्हणून ते रेटू नये. टाके बरे आहेत का, औषध कसे घ्यायचे, असे प्रश्न फोनवर सुटतात.

खेप मुळातच वाचवायची तर कीड होऊ न देणे हाच मार्ग उरतो. मुलांच्या नव्या दाढांच्या खाचा वेळीच बुजवणे, फ्लोराइडचा लेप, आणि फ्लोराइड असलेल्या पेस्टने रात्री झोपताना न चुकता ब्रश करणे, एवढे तरी प्रत्येक घराला सांगावे. बांबूच्या ब्रशांची दुकानदारी दवाखान्यात करू नये. त्यांचे केस बहुधा नायलॉनचेच असतात. प्लॅस्टिकचा असो की बांबूचा, तो वेळेवर बदलला आणि नीट वापरला तर दात वाचतो, आणि वाचलेल्या दाताला कोणतेही साहित्य लागत नाही.

पायरी बारावी: नोंदी

दर महिन्याच्या शेवटी चार आकडे एका पानावर लिहावेत: विजेची युनिट, पिवळ्या आणि लाल पिशव्यांचे वजन, पाहिलेल्या रुग्णांची संख्या, आणि उपचार पूर्ण झालेल्या रुग्णांना सरासरी किती खेपा लागल्या. वजन कचरा नेणाऱ्याच्या पावतीवर असतेच. दर रुग्णामागे पिवळ्या पिशवीचे वजन हळूहळू कमी होत असेल आणि लाल स्थिर असेल, तर वर्गीकरण सुधारते आहे. पण दोन्ही वजने एकाच महिन्यात झपाट्याने घटली आणि रुग्ण तेवढेच असले, तर आनंद मानण्याआधी सुक्या कचऱ्याचा डबा उघडून पाहावा. बहुधा नवीन मदतनीस लागलेली असते आणि तिला ट्रे समोर ठेवून कोणी शिकवलेले नसते.